तिसऱ्या तारेवरची चिठ्ठी

माझी हिंदी उत्तम आहे असं अख्ख्या दिल्लीत एकाच माणसाचं मत होतं, आणि तो माणूस म्हणजे मी. मुनिरक्यात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा घेऊन सांगलीकडून नोकरीसाठी आलेलो, आणि माझा रूममेट परभणीहून कलेक्टर व्हायला आलेला. त्याच्या घरी दखनी उर्दू बोलायचे, त्यामुळे हिंदीच्या बाबतीत त्याला माझी कीव यायची. "तुझी हिंदी म्हणजे मराठीला नुसतं 'है' जोडलेलं," असं तो म्हणायचा. मी मनावर घेत नसे. पाण्यावरून घरमालकाशी झालेलं भांडण मी हिंदीत जिंकलो होतो, आणि ज्या भाषेत भांडण जिंकता येतं ती भाषा आपल्याला येते, अशी माझी सरळ समजूत होती.

परदेशी गाड्या नुकत्याच देशात यायला लागल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. गुडगावच्या पुढे गव्हाची शेतं आणि पत्र्याच्या शेड एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या. आमची कंपनी तिथल्या कारखान्यांना मोजमापाची यंत्रं विकायची आणि ती बसवायला मला पाठवायची. असाच एका गिअरच्या कारखान्यात मी रेकॉर्डर बसवायला गेलो. त्यांना एक परदेशी गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि गिअर बरोबर तापमानाला तापवले याचा कागदी पुरावा त्या गिऱ्हाइकाला हवा होता.

तिथली भट्टी विहिरीसारखी जमिनीत उतरलेली होती, वरून झाकण. आत वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी तापमान मोजायचं. प्रत्येक ठिकाणाहून एक केबल भिंतीवरच्या रेकॉर्डरपर्यंत न्यायची, की मग तो सरकत्या कागदावर रंगीत ठिपके टकटक उमटवत जाणार. आतापर्यंत हे काम एक उस्ताद करत होता. साठीकडे झुकलेला, भुवया भट्टीच्या धगीनं कायमच्या विरळ झालेल्या. भट्टीशेजारच्या लोखंडी स्टुलावर तो बसायचा, मधूनच उठून झाकणातल्या भोकाला डोळा लावायचा आणि आतल्या लाल रंगावरून तापमान सांगायचा. तेरा वर्षं तो हेच करत होता.

कारखान्याचा मॅनेजर नवीन होता आणि त्याचा टायही. पहिल्याच दिवशी तो चारचौघांत उस्तादाला म्हणाला, "उस्तादजी, ये रेकॉर्डर चल गया तो आपका स्टूल खाली समझो. पैकिंग में बहुत काम है."

पॅकिंगमध्ये खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या असत. उस्तादानं गळ्यातला पंचा काढला, स्टूल स्वच्छ पुसलं आणि पुन्हा त्यावर बसला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, वाटलं नाही. मी तेवीस वर्षांचा होतो आणि यंत्राच्या बाजूचा होतो.

वायरिंगच्या दिवशी सकाळीच माझ्या लक्षात आलं की तारांच्या टोकांना घालायच्या नंबरांच्या प्लास्टिक अंगठ्या मी करोल बागेतल्या दुकानाच्या काउंटरवरच विसरून आलोय. मग मी डायरीचा कागद फाडला. कारखान्याचा इलेक्ट्रिशियन, म्हणजे मिस्त्री, गोरखपूरकडचा होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. म्हणून मी देवनागरीत तीन चिठ्ठ्या लिहिल्या आणि तिन्ही केबलींना एकेक चिठ्ठी टेपनं गुंडाळली. ऊपर, बीच, खाली. 'वर' न लिहिता 'ऊपर' लिहिलं, त्यातही ऊ दीर्घ काढला, याचा मला मनातून अभिमान वाटला.

मग मिस्त्रीला नीट समजावलं. "मिस्त्रीजी, रेकॉर्डर में छह जगह हैं. हमें तीन ही चाहिए. जो खाली रहे, उसमें छोटा तार डालके शॉर्ट कर देना. नहीं तो वो ठिपका इधर-उधर भटकेगा."

"ठिपका?" मिस्त्री म्हणाला.

"बिंदी, बिंदी," मी म्हणालो. शॉर्ट केलेली जागा फक्त रेकॉर्डरच्या आसपासचं तापमान दाखवते आणि गप्प बसते, हेही सांगितलं. त्यानं शहाण्यासारखी मान डोलावली, आणि मी कँटीनमध्ये राजमा-चावल खायला गेलो.

परत आलो तर काम फत्ते. मिस्त्रीचा हात मोठा सुबक. सगळ्या तारा तेल लावून भांग पाडल्यासारख्या बसवलेल्या. मी नुसतंच बघून "वाह" म्हणालो. तपासलं नाही. भट्टी सुरू केली, आणि दुपारी तीनपर्यंत पहिले दोन ठिपके दिमाखात चढत वर गेले. एक आठशे सत्तरवर, दुसरा आठशे सहासष्टवर. तिसरा एक्केचाळीसवर बसून राहिला.

नेमका तेव्हाच मॅनेजर आला. त्यानं कागद पाहिला, मग उस्तादाकडे पाहिलं. "तेरह साल से आप आधे कच्चे गियर पका रहे थे? नीचे तो भट्टी ठंडी पड़ी है!"

उस्ताद उठला, भोकाला डोळा लावला आणि शांतपणे म्हणाला, "नीचे भी लाल है साहब. ऊपर से आठ-दस कम होगा, बस."

मॅनेजर माझ्याकडे वळला. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की थांबा, मी बघतो. पण माझ्या तोंडून निघालं, "सर, मशीन झूठ नहीं बोलती."

ते वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात. मॅनेजर तडक वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात गेला, उस्तादाच्या बदलीची ऑर्डर टाइप करायला. उस्तादाच्या अंगावर वारा घालणारा मोठा पंखा होता. तो त्यानं दोन्ही हातांनी फिरवला आणि रेकॉर्डरच्या उघड्या पॅनेलकडे वळवला. "लो, अब हवा भी इसी को खिलाओ," तो म्हणाला, "काम यही करेगा."

मी रेकॉर्डरच्या कागदाकडे बघत उभा राहिलो. दोन-चार मिनिटांत तिसरा ठिपका घसरला. एक्केचाळीसवरून एकोणचाळीस, मग सदतीस. आणि त्याच्यासोबत उरलेले तीन बिनकामाचे ठिपकेही, अगदी हातात हात घालून, तितकेच घसरले.

जमिनीत पुरलेल्या भट्टीचा तळ काही पंख्यानं थंड होत नाही. म्हणजे तिसरा ठिपका भट्टीचं नाही, पॅनेलचंच तापमान दाखवत होता. मी पॅनेलमध्ये डोकं घातलं. तीनऐवजी चार जागा शॉर्ट केलेल्या, आणि तिसरी केबल छान वेटोळं करून, टोकांना टेप लावून, एका कोपऱ्यात ठेवलेली.

"मिस्त्रीजी! ये क्यों नहीं लगाया?"

मिस्त्रीनं वेटोळं उचललं आणि माझीच चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली. "आप ही ने तो लिखा है साहब. खाली. हमने सोचा, फालतू तार है."

मी ते अक्षर बघत राहिलो. सुरेख, वळणदार, माझं. परभणीचा रूममेट डोळ्यांसमोर आला. हिंदीत तळाला नीचे म्हणतात, खाली म्हणजे रिकामं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच सकाळी मी स्वतः "जो खाली रहे" म्हणालो होतो. पण लिहायला बसलो तेव्हा हात सांगलीला गेला.

एक गोष्ट कबूल करतो. मिनिटभर माझ्या मनात आलं की केबल गुपचूप जोडावी आणि मिस्त्रीकडून चूक झाली म्हणून सांगावं. मिस्त्री माझ्याकडे बघत होता, त्यालाही बहुधा तीच धास्ती होती. मला माझीच लाज वाटली, आणि ती चिठ्ठी घेऊन मी ऑफिसात गेलो.

मॅनेजरनं ऑर्डर टाइपरायटरमधून नुकतीच काढली होती. मी सगळं सांगितलं. त्यानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "मराठी में खाली को क्या कहते हैं?"

"रिकामं."

"तो आपने वो क्यों नहीं लिखा?"

मी समजावायचा नाद सोडला आणि त्याला शेडकडे चलायला सांगितलं.

तो ऑर्डर हातात घेऊनच खाली आला, म्हणजे नीचे. सगळी शेड गोळा झाली. मिस्त्रीनं केबल जोडली. उस्ताद स्टुलावर बसला होता, पण त्याचे हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले मला दिसले. त्यानं सांगितलेला आकडा सगळ्यांनी ऐकला होता, तो आता मागे घेता येत नव्हता. तो खरा ठरावा असं आता मलाही वाटत होतं. यंत्राची बाजू मी केव्हा सोडली होती, मला कळलंच नव्हतं.

टक. पहिला ठिपका आठशे सत्तर. टक. दुसरा आठशे सहासष्ट. तिसरा ठिपका कागद ओलांडून गेला आणि वर जाऊन उमटला. आठशे एकसष्ट.

वरच्यापेक्षा नऊ कमी. मिस्त्रीनं टाळी वाजवली. मॅनेजरनं हातातली ऑर्डर आधी दुमडली, मग फाडली, आणि उस्तादाकडे न बघता म्हणाला, "ठीक है. मशीन भी रहेगी, आप भी रहिए. बीच-बीच में इसको चेक करते रहिए."

उस्ताद उठून माझ्याकडे आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ऐन वेळी माझी ती उत्तम हिंदी कुठेतरी पळाली. त्यानं फक्त हात पुढे केला. "वो पर्ची दे दो."

दुसऱ्या दिवशी मी कागदांवर सह्या घ्यायला गेलो तर चिठ्ठी स्टुलाच्या पायांमधल्या आडव्या दांडीवर चिकटवलेली. खाली. तेवढ्यात मॅनेजर आला, त्यानं ती वाचली आणि चमकून विचारलं, "उस्तादजी, ये क्या लगा रखा है? स्टूल खाली?"

उस्ताद स्टुलावरून उठला नाही.

"खाली ही लिखा है साहब," तो म्हणाला. "मगर मराठी में."