झेंडा उतरवण्याचा बिगूल

यंदाच्या शिबिराची कामं मी नेहमीसारखी लावून घेतली. पाण्याचा टँकर, आचारी, औषधांची पेटी, मुलींच्या तंबूत चार्जिंगचे जादा दिवे. बिगुलाचं काम त्यात नाही. शाळेने स्पीकर घेतला आहे. मोबाइलवरून बिगूल लागतो, आवाज स्वच्छ येतो, मुलं वेळेवर जमतात. तक्रार करण्यासारखं काही नाही.

इतकी वर्षं हे काम माझ्या वडिलांचं होतं. आप्पा पोलीस बँडमधून निवृत्त झालेले, दौंडला राहतात. शिरूरच्या आमच्या शाळेचं हिवाळी शिबिर निमोण्याच्या माळावर भरतं आणि त्याची प्रमुख मी. तिथे ते मला ‘म्याडम’ म्हणायचे. ‘घरी पोरगी, हितं साहेब,’ असं मुलांना सांगून मला कडक सलाम ठोकायचे. पोरं खूश व्हायची.

बिगुलाला बटणं नसतात. उठण्याचा, झेंड्याचा, जेवणाचा, झोपण्याचा असा प्रत्येक बिगूल निराळा, आणि सगळे वाजवणाऱ्याच्या ओठांवर आणि ध्यानात. पहिल्या दिवशी आप्पा ते मुलांना ओळखायला शिकवत. त्यानंतर शिबिरात कुणाला हाक मारावी लागत नसे.

मागच्या हिवाळ्यात, शिबिराच्या दुसऱ्या सकाळी, त्यांनी झेंड्याच्या वेळी जेवणाचा बिगूल वाजवला. मुलं ताटं-वाट्या घेऊन धावत सुटली. आचारी मामा झारा हातात धरूनच बाहेर आले.

‘‘ओ म्याडम, पोह्यांना अजून फोडणी न्हाई! काय वाढू ह्यांना?’’

‘‘कच्चा कांदा वाढा, मामा,’’ एक मुलगी म्हणाली आणि सगळं मैदान हसलं. मीही हसले. इतक्या वर्षांत एक चूक, त्यात काय.

तेवढ्यात आप्पा कपाळाला आठ्या घालून माझ्याजवळ आले. ‘‘म्याडम, झेंड्याला ताटं घिऊन आली ही पोरं. शिस्त म्हणून राहिली न्हाई.’’

माझं हसू तिथेच थांबलं. आपण काय वाजवलं, हे त्यांना कळलेलंच नव्हतं.

मी ताटं परत ठेवायला लावली आणि रांगा करून घेतल्या. त्यानंतर दर वेळी त्यांच्या बाजूला उभी राहून हळूच सांगायला लागले, आता कवायतीचा, आता खेळाचा. ‘‘ठावं हाय,’’ ते म्हणायचे आणि बरोबर वाजवायचेही. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी मात्र पुन्हा जेवणाचाच वाजला. या वेळी कुणी हसलं नाही. ताटं आणायची की नाही, म्हणून मुलं एकमेकांकडे बघत राहिली. आप्पांनी ते पाहिलं.

‘‘पोरी, काय वाजवलं मी?’’ शिबिरात ते मला पहिल्यांदाच पोरी म्हणाले.

‘‘जेवणाचा.’’

‘‘व्हय?’’ त्यांनी बिगूल बाहीला पुसला. ‘‘उद्या झेंडा उतरवायचा तेवढा मला वाजवू दे. पालक येतील, गावातली माणसं येतील. तेवढा एकच. पुन्हा न्हाई मागायचो.’’

मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते तंबूमागे तो एकच बिगूल परत परत वाजवत होते. प्रत्येक वेळी बरोबर. ‘‘आप्पा, बास की आता!’’ मामा चुलीपासून ओरडले. ‘‘ऐकून ऐकून झेंडा आपसूक खाली यील.’’

‘‘तुझ्या भाकरी करपत्यात का बघ आधी,’’ आप्पा म्हणाले. आवाजात चांगलाच जोर होता. मला वाटलं, निभावेल.

समारोपाला माळ भरला. कडेला पालक, पुढे गावची मंडळी, झेंड्याची दोरी धरून एक मुलगी. आप्पांनी बिगूल ओठांना लावला, छाती भरून घेतली आणि तसेच थांबले. सूर आलाच नाही. ती मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी त्यांच्या कानाशी सुरुवातीचे सूर गुणगुणले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, नाही अशी मान हलवली आणि बिगूल खाली घेतला.

‘‘म्याडम,’’ ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘शिट्टी आणली आसंल तुम्ही. वाजवा.’’

होती. कुठल्याही कामाला मी पर्याय ठेवते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी खिशातून शिट्टी काढून वाजवली. झेंडा हळूहळू खाली यायला लागला. आप्पा बिगूल काखेत धरून मुलांच्या रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सलामी दिली.