समोर उघडी वही

तुंगार्लीत ज्या बंगल्यात माझी आई स्वयंपाकाला जायची, त्या घरच्या बाईंनी मला पियानो शिकवला. सहा वर्षांची असताना मी न विचारता दिवाणखान्यात शिरून दोन पट्ट्या दाबल्या, आणि रागावायचं सोडून त्यांनी मला स्टुलावर बसवलं. पुढे परदेशात शिकले, मोठमोठ्या सभागृहांत वाजवलं, पण त्यांचा एक नियम माझ्या मानगुटीवरून कधी उतरला नाही. मंचावर जाताना नोटेशनचं पुस्तक घरी ठेवायचं. पुस्तकात बघून वाजवतो तो अजून शिकतोय, असं त्या म्हणायच्या. एकट्याने पियानो वाजवणाऱ्यांत तशी रीतच आहे. पाऊण तासाची रचना, हजारो स्वर, सगळं पाठ.

तीन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका कार्यक्रमात माझी बोटं थांबली. पुढचा स्वर कोणता, ते आठवेना. आठ-दहा सेकंदच गेले असतील. कुठून तरी धागा पकडला आणि शेवट गाठला. टाळ्याही झाल्या. पण त्या दिवसापासून मला मंचाची धास्ती बसली. कार्यक्रमाआधी दोन दिवस घास उतरत नसे. घरी सरावातही रचनेतली ती विसरलेली जागा आली की हात आखडायचा. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. जिचं पोट पाठांतरावर, तिने विसरले म्हणून कसं सांगायचं? पुण्यात तीच रचना वाजवायची होती. कार्यक्रम महिन्यावर आला तेव्हा मी ठरवलं, हा रद्द करायचा आणि पुढे एकही घ्यायचा नाही. फक्त फोन करायचा राहिला होता.

तो फोन टाळायलाच मी सुदुंबऱ्याला मामाकडे गेले. एकादशी होती, दुपारी देवळात भजन. मामा तिथला मुख्य गवई. पेटीवाले कुठल्याशा लग्नाला गेलेले, म्हणून त्याने मलाच पुढे ढकललं. "आमची भाची पार विलायतेत वाजवती. पेटी म्हंजी तिला काय?"

मी ऐटीत बसले आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून दाबले. आवाज नाही. पेटी बिघडलीय अशा नजरेने मी मामाकडे पाहिलं.

"आगं, भाता कोन हालवनार?" मामा म्हणाला, आणि अख्खं देऊळ हसलं.

मग डाव्या हाताने भाता मारत उजव्याने जमेल तसं वाजवत राहिले. मामाच्या मांडीपुढे अभंगांची जाड वही उघडी होती. पन्नास वर्षं तो तेच अभंग म्हणतोय, आणि चष्मा तर त्याच्या खिशात होता. तरी शेजारचा टाळकरी दर वेळी वाकून पान काढून देत होता.

चहा पिताना मी विचारलं, "मामा, वही कशाला? दिसत तर नाही तुला."

"दिसाय कशाला पायजे? म्होरं हाय, बास."

"पण तुला पाठ आहे ना सगळं?"

"पाठ हाय म्हनून तर. पाठ असलेलंच मानूस इसरतं. जे पाठच न्हाई, ते काय इसरनार?"

"आणि विसरलास तर? लाज नाही वाटत?"

"भजन थांबलं तर लाज. वहीत बघाय कसली लाज?"

मला रडूच आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला तरी सगळं सांगितलं. मामाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पुस्तक ठिवाय मनाई कुनी केली?"

मनाई करणाऱ्या बाई जाऊन वीस वर्षं झाली होती. मी देवळाच्या पायरीवरूनच पुण्याला फोन लावला आणि चाचरत म्हटलं, यंदा पुस्तक समोर ठेवीन म्हणते. आयोजक बाई म्हणाल्या, "ठेवा की. पान उलटायला कुणी हवंय का?" झालं. इतकंच. सुटल्यासारखं वाटलं, आणि स्वतःच्या मूर्खपणाचा रागही आला.

पुण्यात पान उलटायला एक संगीतशिक्षिका शेजारी बसल्या होत्या. पुस्तक आहे म्हटल्यावर ती जागा निमूट निघून जाईल, अशी माझी समजूत. कसली जातेय! हात आखडला. पानाकडे पाहिलं तर घाबरल्यामुळे ओळच सापडेना, नुसते काळे ठिपके. तेवढ्यात त्या बाईंनी पुढे झुकून एका ओळीवर बोट ठेवलं. मी तिथून वाजवत पुढे गेले.

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. बाईंनी बोट काढलं, ओळ संपताच पान उलटलं आणि पुन्हा हात मांडीवर घेऊन बसल्या. मंचावर आपण एकट्याच असतो, असं मी चाळीस वर्षं समजत होते.