जिभेवर टिकणारी नळी

नळी तोंडात धरण्याआधी मिस्तरी चूळ भरत. मग नळीतली हवा ओढून तिचं टोक जिभेला चिकटवत. चिकटून राहिली तर नळी शाबूत, सुटली तर कुठंतरी भोक. जीभ बाहेर काढून बसलेला माणूस गंभीर दिसत नाही, हे तुम्हीही मान्य कराल. पण बोरी बुद्रुकच्या त्या गॅरेजात कुणी हसत नसे.

जिभेसाठी त्यांनी तंबाखू सोडली होती. "तंबाकूनं जीभ मरती, भाऊ. मंग व्हॅक्यूम कसा कळायचा?" बायकोच्या शपथांनी जे जमलं नाही, ते रबरी नळीनं करून दाखवलं.

माझी जुनी डिझेल जीप डिंभ्याच्या रस्त्यावर प्रवासी घेऊन चालायची, कारण एसटीचा भरवसा नाही. एकदा तिच्या एसीची हवा, गाडी हळू झाली की तोंडावर यायची सोडून काचेकडे पळू लागली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड न्यायचं होतं. नवरीला घाम नको, एवढीच माझी काळजी.

"गप बसा राव, फुसफुस ऐकू द्या," म्हणत मिस्तरी इंजिनावर वाकले. फुसफुस मला चार हात लांब उभं राहून ऐकू येत होती. ते बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, "फुसफुस तर नाय."

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं माझ्याकडं पाहून मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं. मिस्तरींनी आम्हा दोघांकडं पाहिलं.

"तुमाला ऐकू येतंय व्हय?"

"येतंय, मिस्तरी."

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. चूळ भरली आणि एकेक नळी काढून जिभेला लावू लागले. एक काही टिकेना. उंदरानं कुरतडली होती; एसीची हवा तोंडाकडं वळवणारी झडप तिच्यातल्या व्हॅक्यूमवरच चालायची.

"कांदा साठवायच्या बराकीला टेकवून गाडी लावता व्हय? उंदरास्नी आयती पंगत." मग आवाज उतरला. "ब्रेकबी ह्याच व्हॅक्यूमच्या पंपावर हाय. भरल्या गाडीनं उतार उतरताना पाय दाबून दाबून दमला असता."

नवी नळी बसली. जाताना ते म्हणाले, "कानाचं बाजारात सांगू नका. भयऱ्या मिस्तरीकडं कोण गाडी आणील?"

मी सांगितलं नाही. पुढं गॅरेजात असलो की त्यांची नजर माझ्यावर असे. फुसफुस आली की मी गुपचूप एक बोट वर करायचो आणि ते गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचे, "येतिया बघा, फुसफुस."

मागच्या उन्हाळ्यात मिस्तरी गेले. गॅरेजचं शटर तेव्हापासून खालीच आहे.

परवा डिंभ्याला जीपची हवा पुन्हा काचेकडं गेली. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. फुसफुस ऐकू आली आणि माझं बोट सवयीनं वर गेलं. बघणारं कुणी नव्हतं.

मग मी पाण्याची बाटली काढली आणि चूळ भरली.