माधव-एकची उंची

सांगावं का झाकून ठेवावं, काही कळंना. पण चहा आलाच आहे तर ऐका. हसायचं असंल तर आधी कप खाली ठेवा.

मी लातूरला ज्वारीवर पीएचडी करतोय. मुखेडजवळच्या शेतात माझे वाण लहान लहान तुकड्यांत लावलेले. पूर्वी एकेक ताट टेपनं मोजायचो. आता ड्रोन वरून फोटो काढतो अन् कॉम्प्युटर त्यांचा नकाशा करून सांगतो, कोणत्या तुकड्यात किती उंच ताट हाय ते. माझ्या गाईड सरांनी दम भरला होता, "या हंगामात एक तरी वाण उठून दिसला पाहिजे, नाहीतर विषय बदल." म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून!

अन् काय सांगू! नकाशात सगळी ज्वारी कंबरेएवढी, एका तुकड्यात मात्र थेट माणसाएवढं ताट. वर शेंडा हिरवागार! मी लगेच वाणाचं बारसं केलं. नाव काय, तर माधव-एक. हो, माझंच नाव! आईला फोन केला, तिनं गल्लीत पेढे वाटले.

सर जीप काढून मुखेडला आले. जाऊन पाहतो तर माधव-एक बी कंबरेएवढाच.

"कुठाय रे उंच ताट?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, कुणीतरी कापून नेलं!"

राखणीवर असलेले शेखचाचा भडकलेच. "माझ्या राखणीत? कणसाला हात लावू दिला न्हाई मी कुणाला!"

"मग गेलं कुठं, चाचा? नकाशा खोटं बोलंल का?"

"म्हंजे मी खोटा?" चाचांनी काठी फेकली. "ऱ्हावू द्या तुमची राखण. मी चाललो घरी."

सरांनी जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला अन् ड्रोनचा मूळ फोटो मोठा केला. तुकड्याच्या मधोमध एक हिरवा टॉवेल. टॉवेलच्या पुढं रिमोट धरलेले दोन हात.

त्या दिवशी ऊन लई होतं हो! टॉवेल डोक्यावर घेऊन मी आपल्या लाडक्या वाणात उभा राहूनच ड्रोन उडवला होता.

मी गुपचूप काठी उचलून चाचांच्या हातात दिली. "चुकलं, चाचा."

"हाव, चुकलंच," चाचा म्हणाले, अन् खो खो हसत सुटले.

सर मात्र हसले नाहीत. फोटोकडं बघत म्हणाले, "नाव बरोबर ठेवलंस, माधव. उंचीही बरी आहे. फक्त डोक्यात दाणा भरलेला दिसत नाही."