पाचवी पायली

नागलीची, म्हणजे नाचणीची, नवी भाकरी ताटात आली की माझा हात आजही क्षणभर थांबतो. घरचे हसतात. हसू देत बापडे, त्यांनी ती कणगी पाहिलेली नाही.

जव्हार संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी घाटावरून बदलून मोखाड्याला आलेला नवा फौजदार. अंगात रग भरपूर, अक्कल बेताची. मे महिना सरता सरता खोडाळ्याचा एक व्यापारी ठाण्यात फिर्याद घेऊन आला. त्याच्या कोठारातून नागलीची पोती चोरीला गेली होती. उठता उठता त्यानंच खबरही दिली, "साहेब, डोंगरातल्या पाड्यावर लोक कडूकंद उकडून खातायत आणि एका म्हातारीच्या घरी कणगी भरलेली आहे. आता काय ते तुम्हीच समजा."

मी लगेच समजलो! उपाशी पाड्यात भरलेली कणगी म्हणजे चोरीचा माल, दुसरं काय?

हवालदार संस्थानाच्या वेळचा, मुरलेला गडी. वाटेत तो एवढंच म्हणाला, "साहेब, आधी आत बघा, मोहोर मग मारा." मी ऐकलं नाही. पुरुषभर उंचीची, शेणानं सारवलेली ती बांबूची कणगी मी वरवर पाहिली, नमुना म्हणून चार पायल्या काढून घेतल्या, पंचनामा केला आणि तोंडावर लाखेची मोहोर मारून मोकळा झालो.

म्हातारीचा जबाब अंगणातच घेतला. त्या भागात साहेबालाही अरे-तुरेच करतात. मला त्याचाही राग येत होता.

"ही नागली कुणाची?"

"पाड्याची."

"मग भूक लागली तेव्हा खाल्ली का नाही?"

"बी खाल्लं त पेरशील काय?"

तिनं सांगितलं ते असं. पेरणीला ज्याच्याकडे बी नसेल त्यानं कणगीतून चार पायल्या न्यायच्या आणि पीक आलं की पाच घालायच्या. म्हणजे सवाई. बाजारात हाच व्यापारी दिडी घ्यायचा, चाराला सहा.

"लिहून कुठं ठेवता?"

"लिवतंय कोण?"

"आणि एखाद्यानं बुडवलं तर?"

म्हातारी हवालदाराकडे वळून म्हणाली, "हा कुठला रं?" मग मला म्हणाली, "समद्यांचं आल्याबिगर पाड्यात कुणी नवं खात नाय. एकाचं राहिलं त समद्यांचं राहिलं."

मी जबाबात 'उडवाउडवीची उत्तरे' असं लिहिलं. त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते.

पाचव्या दिवशी हवालदार टेबलापुढे उभा राहिला. "राब भाजून पेरणीची जमीन तयार आहे, साहेब. मिरग तोंडावर आला. आता बी पडलं नाही तर पाड्याचं वर्ष गेलं. मोहोर तुमची आहे."

मी पंच घेऊन निघालो. मोहोर फोडली आणि चटया अंथरून कणगी उपसायला लावली. दाणा सांडू नये म्हणून म्हातारी चटईच्या कडेला बसून राहिली. नागलीच्या थराथरांत राख आणि निरगुडीचा पाला घातलेला होता. वरचा पाला अख्खा होता, त्याखालचा बोटात चुरत होता आणि अगदी तळाचा पाला म्हणजे नुसती भुकटी. रातोरात भरलेल्या कणगीत पाला असा थराथरानं जुना होत नाही. मी चोरीचा माल समजून एका गावाची कित्येक वर्षं सील केली होती.

तळापासून हातभर उंचीवर आतून एक दोरी फिरवलेली होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"हिच्याखाली हात घालायचा नाय. एका सालाला माझी दोन पोरं उपाशी गेली. तवा पण नाय घातला."

तिच्या आवाजात ना रडू होतं, ना अभिमान. मी डोक्यावरची टोपी काढली. का काढली, ते तेव्हा मलाही कळलं नाही.

बी त्याच दिवशी वाटलं गेलं. व्यापाऱ्याची पोती त्याच्याच मेव्हण्याच्या घरी सापडली. पाडा दिडीनं बी न्यायला येत नाही, हे त्याचं खरं दुखणं होतं. खोट्या फिर्यादीचा अहवाल गेला, पण नमुन्याच्या चार पायल्या मुद्देमालात अडकल्या. त्या सुटेपर्यंत नागली कापून झाली होती.

पोतं घेऊन मी स्वतः पाड्यावर गेलो. योगायोगानं तो कणगी भरण्याचाच दिवस होता. एकेक घर येऊन माप ओतत होतं. चुलींवर नव्या भाकऱ्या भाजून तयार होत्या. माझ्या चार पायल्या ओतल्या गेल्या आणि म्हातारीनं रिकामं माप माझ्यापुढे धरलं.

"पाचवी?"

"अगं आजी, ते सरकारनं नेलं होतं. सरकार जेवढं नेतं तेवढंच परत देतं."

"काढलं तू. सवाई तुझी."

सगळा पाडा माझ्याकडे बघत होता, पण एकाही भाकरीला कुणी हात लावला नव्हता. मी शेजारच्या माणसाला म्हटलं, "एक पायली उसनी दे बाबा, उद्या पाठवतो." तो हसला. म्हातारी म्हणाली, "उसन्यानं कणगी भरत नाय, साहेब."

खोडाळा तिथून दोन कोस. मी चालत गेलो, पदरचे पैसे देऊन पायलीभर नागली घेतली आणि ती खांद्यावर टाकून परत डोंगर चढलो. दिवस कलला होता. पोरं चुलीपाशी पेंगत होती, तरी एकानंही घास मोडला नव्हता. कुरकुर नाही, टोमणा नाही. माझी पाचवी पायली कणगीत पडली तेव्हा म्हातारीनं पहिली भाकरी मोडून माझ्याच हातावर ठेवली.

"पुढल्या सालाला बी लागलं त ये. तुझं चोख हाय."

नोकरीत पुढे बढत्या मिळाल्या, शेरे मिळाले, पण असा शेरा पुन्हा मिळाला नाही. पुढं कुलूप-किल्ल्यांच्या, वह्यांच्या, चेअरमन-सेक्रेटरींच्या कितीतरी पतपेढ्या बुडताना मी पाहिल्या. त्यांचे तपासही केले. प्रत्येक ठिकाणी मी दोनच गोष्टी आधी बघायचो. तळाशी दोरी आहे का, आणि जुनं देणं नव्या उसन्यानं फेडलं जातंय का? पहिली कुठंच सापडायची नाही, दुसरी हटकून सापडायची.

म्हणून भाकरी पुढ्यात आली की हात थांबतो. कुणाचं राहिलंय का, एवढं मनाशी विचारतो आणि मग जेवतो.