डोळे शेवटी

"डोळे शेवटी!" असं म्हणून ते माझ्या हातातला हेडलाइट काढून घेत आणि फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवत.

तुम्ही पेणला रामवाडीच्या बाजूला कधी मोटरसायकल दुरुस्तीला नेली असेल, तर हा माणूस तुम्हीही पाहिला असणार. हातात पाना आणि कानावर ब्रश. सहा महिने हमरापुरात गणपतींचे डोळे आखायचे, उरलेले सहा महिने गाड्या. मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी आखतात, म्हणून गाडीचा दिवाही शेवटी.

"एकदा डोळे उघडले की गाडी कोपऱ्यात टाकायची नाय, मास्तर. आधी कबूल करा."

मला शाळेत पोरांकडून कबूल करून घ्यायची सवय, पण केलं कबूल. गरज माझीच होती.

बाबांची मोटरसायकल आठ वर्षं पेंढ्याच्या खोपटात पडून होती. दर भाऊबीजेला ते तिच्यावरून रोह्याला आत्याकडे जात. मग त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, गाडी थांबली आणि आत्याच पेणला येऊ लागली. गेल्या वर्षी आत्याचे गुडघे गेले. रिक्षा, एसटी, मित्राची कार, बाबांनी सगळ्याला नाही म्हटलं. "गेलो तर आपल्या गाडीवर, मागे बसून का होईना. नाहीतर नाही." आमच्या घरात हट्ट वारसाहक्काने मिळतो, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. भाऊबीजेला पाच दिवस उरले होते.

रामवाडीहून ते मेकॅनिक आले आणि आधी टाकीला कान लावून बसले. "जीव हाय अजून." मग टाकीतून गंज निघाला, कार्बोरेटरमधून चिकट गाळ आणि सीटखालून उंदरांचं अख्खं कुटुंब. मी चप्पल उचलली.

"अहो मास्तर, देवाचं वाहन हाय! वाहनात वाहन ऱ्हात होतं, राहू दे." पिल्लं टोपीत घालून त्यांनी ती हलकेच पेंढ्यात सोडली.

पाडव्याला सकाळपासून आम्ही आळीपाळीने किक मारत होतो. माझा पाय गेला, मग त्यांचा, मग पुन्हा माझा. आणि अचानक फाट्! सायलेन्सरमधून आठ वर्षांचा पेंढा उडाला, निम्मा त्यांच्या डोक्यावर, आणि गाडी धडधडू लागली. हा साठीचा माणूस पेंढ्यासकट गाडीभोवती नाचायला लागला. "मोरया! मोरया!" मीही नाचलो, खोटं कशाला सांगू? ओटीवर बघतो तर बाबा काठीशिवाय उभे.

मग त्यांनी फळीवरचं फडकं सोडलं, दिवा बसवला, दोन बोटांनी कुंकू लावलं. टाकी खरवडून लालभडक रंगवूनही दिली.

भाऊबीजेला नागोठण्याजवळ पावसाची एक सर आली. रोह्याला आत्याने दार उघडलं आणि किंचाळलीच. माझी पांढरी पँट मांडीपासून गुडघ्यापर्यंत लाल! "अरे, रक्त!" बोट लावून पाहिलं, तर तो रंग. मग ती एवढी हसली, की ओवाळताना तबक हलत होतं. आधी तिने गाडीलाच ओवाळलं. बाबा रडत होते आणि म्हणत होते, धूर गेला डोळ्यांत.

मी तिथूनच रामवाडीला फोन लावला. "मूर्तीचा रंग लावलात होय टाकीला?"

"व्हय. देवाला चालतो, टाकीला नाय?"

"अहो, पावसात गेला!"

"पाण्यात रंग जायचाच, मास्तर. पण बहीण-भाऊ भेटले ना?"

भेटले होते.

यंदा गणपतींच्या आधीच ते गेले. हमरापुरातल्या एका कारखान्यात त्यांच्या वाट्याच्या मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या होत्या, ते डोळे दुसऱ्या कोणीतरी आखले. मला त्यांची फार आठवण येते, अगदी हसता हसता येते.

दर रविवारी संध्याकाळी बाबांना मागे बसवून मी रामवाडीवरून चक्कर मारतो. त्यांच्या दुकानासमोर थांबतो. दिव्याचा उजेड बंद शटरवर पडतो. बाबा म्हणतात, "पेट्रोल जळतंय रे." जळू दे. तिथे मी इंजिन बंद करत नाही, गाडीचे डोळे मिटतील. कबूल केलंय.