समारोपाची प्रार्थना पाळकीणबाई करतील

पाळकाच्या घरासमोर चपला साचतात तसे किस्से साचतात. फरक एवढाच, की सभा संपली की चपला आपापल्या घरी जातात आणि किस्से उंबऱ्यापाशी पडून राहतात. चर्चला, मंडळीत, माणसं उभी राहून साक्ष देतात, ती निवडून, पुसून आणलेली असते. स्वयंपाकघरात जे घडतं त्याची साक्ष कोणी देत नाही. ती मी देते आहे, आणि बसून देते आहे, कारण उभी राहिले की माझं काय होतं ते सांगायलाच तर बसले आहे.

मला मोठ्याने प्रार्थना करता येत नाही. मनातल्या मनात येते. भाकरी थापताना येते, एसटीच्या खिडकीला डोकं टेकवलं की तर फारच छान येते. पण चार माणसांनी डोळे मिटले आणि माझी पाळी आली की जीभ टाळ्याला चिकटते. दुसऱ्या एखाद्या बाईचं असं झालं तर खपून जातं. मी पाळकाची बायको आहे!

*

लग्न होऊन मलकापूरहून धाडला आले तेव्हा आमची मंडळी चौदा घरांची होती. पहिल्याच आठवड्यात बायकांची सभा झाली. गाणी झाली, वचन झालं, आणि कोणीतरी जाहीर केलं, "समारोपाची प्रार्थना पाळकीणबाई करतील."

मी उभी राहिले. बाहेर बाजाराचा दिवस होता, जीपवाले बुलढाण्याच्या हाका मारत होते, आणि आत सगळ्या बायका डोक्यावर पदर घेऊन माझ्यासाठी थांबल्या होत्या. कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हटलं, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." प्रभूची प्रार्थना! ती एकाने सुरू केली की सगळे आपोआप बरोबर म्हणतात. पुढचे मी नुसते ओठ हलवले.

हे सहा वर्षं चाललं. पाळकीणबाईंना प्रभूची प्रार्थना फार प्रिय आहे, असं गावात झालं होतं. राहेलमावशीला मात्र ते पटलेलं नसावं. ती मंडळीतली सगळ्यात जुनी बाई, बाजारात चिंच आणि मिरची विकायची. एकदा माझी मिरची तोलता तोलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुमी 'हे आमच्या' म्हनता, आन् बाकीचं समदं आमीच म्हनतो."

मी मिरची घेऊन घरी आले. तिने ते कधी कोणाला सांगितलं नाही.

*

मग मनोहरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फिलिपाईन्समधल्या एका बायबल कॉलेजात दोन वर्षांच्या ट्रेनिंगसाठी जागा मिळाली. बायको-मुलीसकट. आमची रूथ तेव्हा चार वर्षांची होती. फॉर्म भरायला तो बसला आणि शेजारी मी मेथी निवडत होते. फॉर्ममध्ये एक रकाना होता, पत्नीची सेवा.

मनोहर खोटं लिहीत नाही, ही त्याची मोठी अडचण आहे. तो बराच वेळ पेन चावत बसला. मला पेटी येत नाही, मी संडे स्कूल घेत नाही, चारजणांत बोलत नाही. शेवटी त्याला आठवलं, की मी पहाटे उठून गुडघ्यावर बसते. त्याने लिहिलं, "प्रार्थना."

"खरंच आहे की," तो म्हणाला.

खरं होतंच. पण खरं एकदा कागदावर उतरलं की ते कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. हे खरं कॉलेजच्या नोटीस बोर्डावर जाऊन बसलं. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी तिथे लिहिलं होतं, गुरुवारचं चॅपल, प्रार्थना: भारतातून आलेल्या सिस्टर.

*

ते कॉलेज डोंगरावर होतं. सगळीकडे पाइनची झाडं आणि धुकं. आपल्याकडे हिवाळ्यात शेतावर तरंगतं तेवढं नाही, पुढे केलेला हात दिसणार नाही एवढं. त्या धुक्यात मला कधी कधी कोपऱ्यावर धाडची जीप उभी दिसायची, क्लीनर मागे लटकून हाका मारतोय, आणि जवळ गेलं की तिथे पाण्याची टाकी असायची. मला वाईट वाटायचं नाही. मी पुन्हा दुसऱ्या दिवशी जीप बघायला जायचे.

त्या गुरुवारी रूथला बालवाडीत सोडलं आणि मी दोन रस्त्यांच्या मधोमध उभी राहिले. चॅपल उजवीकडे होतं. मी डावीकडे वळले. धुक्याने काहीच विचारलं नाही. चालत चालत मेसच्या स्वयंपाकघरात पोचले, तिथे दोन बायका कोबी चिरत होत्या. त्यांतल्या एकीने माझ्याकडे पाहिलं, सरकून जागा केली आणि सुरी दिली. चॅपल संपल्याची घंटा होईपर्यंत आम्ही तिघी एक शब्द न बोलता कोबी चिरला. इतकी शांत उपासना मी आयुष्यात केली नव्हती.

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. महिनाभराने डीननी चॅपलमध्ये मार्था आणि मरीयेची गोष्ट घेतली, येशू घरी आला तेव्हा मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था स्वयंपाकात राबत राहिली, ती. म्हणाले, मरीयेची जागा दिलेली असताना आपणहून मार्थेची जागा घेणारी एक बहीण आपल्यात आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. म्हणे, कारण तेव्हा मी कांदे चिरत होते. संध्याकाळी मनोहरने हे मला सांगितलं, तेव्हा मात्र समोर कांदे नव्हते.

*

मनोहरचंही सगळं सुरळीत होतं असं नाही. तिथे उपदेश पंधरा मिनिटांत संपवायचा असा नियम होता. पंधरा मिनिटांत तर आमच्याकडे पाळक घसा साफ करतो. सर घड्याळ आणि घंटी घेऊन पहिल्या बाकावर बसायचे.

मनोहर उभा राहिला आणि रीतीप्रमाणे आधी आपल्या मंडळीचा सलाम सांगायला लागला. आता मंडळीचा म्हटला की घरवार आला. सुखदेवच्या घरचा सलाम, त्याच्या म्हशीसाठी प्रार्थना करा. मार्थाबाईच्या घरचा सलाम, तिचा जावई पिणं सोडून राहिलाय, अजून महिना झालेला नाही. असं करत करत तो अकराव्या घरापाशी आला आणि घंटी वाजली.

सरांनी कागदावर शेरा दिला, "उपदेश सुरू झाला नाही. पण मला धाडला जायचं आहे."

*

आमच्या शेजारच्या खोलीत सुन-ही राहायची, कोरियातून आलेली. तिचा नवरा मनोहरच्या वर्गात होता. त्या लोकांची रीत अशी, की पहाटे जमायचं आणि सगळ्यांनी एकाच वेळी, मोठमोठ्याने, आपापली प्रार्थना करायची. कोणी कोणाची ऐकत नाही. सुन-ही मला हाताला धरून घेऊन गेली.

पहिल्यांदा वाटलं, भांडण लागलंय. मग लक्षात आलं, की ही तर माझ्यासाठीच केलेली सोय आहे. एवढ्या गलक्यात मी काय बोलते ते कोणाला कळणार? मी तोंड उघडलं. आणि तरीही, खरं सांगते, देवाला म्हणावं असं एक वाक्य बाहेर आलं नाही. जे आलं ते असं आलं, "मलकापूर. मोताळा. राजूर घाट. बुलढाणा. धाड." पुन्हा, "मलकापूर. मोताळा." माझ्या माहेराहून सासरी जाणारा एसटीचा रस्ता. मी डोळे मिटून तो जोरजोरात म्हणत राहिले आणि घाटातलं वळण आलं तेव्हा माझा आवाज चढला.

बाहेर आल्यावर सुन-हीचे डोळे ओले होते. तिने विचारलं, एवढ्या कळवळ्याने तू कोणासाठी मागत होतीस? तो मोताळा कोण? आजारी आहे का?

मी म्हटलं, मोताळा गाव आहे, त्याच्यापुढे घाट आहे आणि रस्ता अवघड आहे.

तिने वहीत लिहून घेतलं. त्यानंतर आम्ही तिथे असेपर्यंत कोरियातली एक बाई रोज पहाटे मोताळ्यासाठी गुडघे टेकत होती. मोताळ्याच्या लोकांना हे अजून माहीत नाही.

*

एका रविवारी रूथ बाहुल्या घेऊन 'मंडळी' खेळत होती. एका बाहुलीला तिने रुमालाचा झगा घातला होता आणि तिच्याकडून वर्गातल्या सरांसारखे हातवारे करून घेत होती. हा पास्टर, म्हणाली. शेजारी दुसरी बाहुली आडवी ठेवली होती. ती पास्टरची बाई.

"ती काय करते?" मी विचारलं.

"ती डोळे मिटते," रूथ म्हणाली आणि खेळायला लागली.

*

दुसऱ्या वर्षी पाळकांच्या बायकांसाठी वेगळा वर्ग होता. मिसेस रेयेस नावाच्या बाई घ्यायच्या. भेटी कशा द्याव्यात, दुःखी घरात काय बोलावं, काय बोलू नये, सगळं शिकवायच्या, आणि चांगलं शिकवायच्या. शेवटची परीक्षा तोंडी होती. एक मिनिट, सगळ्यांसमोर, मोठ्याने प्रार्थना.

मी उभी राहिले. ते मिनिट फार लांब होतं. खिडकीबाहेर धुकं पाइनच्या एका झाडावरून दुसऱ्यावर जात होतं आणि मी ते बघत होते. मिनिट संपलं. मिसेस रेयेसनी माझा हात दाबला आणि सर्टिफिकेटवर 'उत्तीर्ण'ऐवजी 'हजर' लिहिलं.

त्या दिवशी मी झाडांखाली जाऊन खूप रडले. मला लाज वाटली. दोन वर्षं, एवढा समुद्र ओलांडून, आणि मी पुन्हा तीच आडवी बाहुली. आता धाडला जाऊन काय तोंड दाखवणार होते?

त्याच आठवड्यात धाडहून फोन आला. राहेलमावशीची शांता महिन्यापूर्वी गेली. तिची एकुलती एक मुलगी, जळगाव जामोदला दिलेली. तीन दिवसांचा ताप आणि संपलं. शांता माझ्याच वयाची होती. मावशी तेव्हापासून मंडळीत येत नव्हती. मलकापूरचे पाळक अधूनमधून येऊन सभा घ्यायचे, ते तिच्या घरी गेले तर तिने त्यांना प्रार्थना करू दिली नाही.

फोन ठेवल्यावर मनोहर म्हणाला, "आपण पोचलो की पहिलं तिच्याकडे." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, आपण नाही, तू.

*

आणि तसंच झालं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मनोहर एकटाच गेला. शोकात असलेल्यांना धीर कसा द्यावा याचा त्याने सहा महिन्यांचा कोर्स केला होता. मावशीने खाट टाकली, पाणी दिलं. त्याने बायबल उघडलं तशी म्हणाली, "पुस्तक मिटा, पाळक. पानी प्या आन् जा. माह्या घरात आता देवाशी कोनी बोलनार नाही."

तो मान खाली घालून आला. जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी बाजारातून निरोप आला. पाळकीणबाईले पाठवा. एकटीले.

मी गेले तेव्हा मावशी भुईवर बसून चिंच फोडत होती. एका बाजूला टरफलं, एका बाजूला चिंचोके. शांता गेल्यापासून चूल धड पेटली नसावी, राख जुनी दिसत होती. तिने मला बस म्हटलं नाही. मी बसले.

"कर प्रार्थना," ती म्हणाली.

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. म्हटलं, "मावशी, मला येत नाही."

"मले मालूम हाय. म्हनून तं तुले बलावलं. ज्याईले येते, त्याईनं मले लई सांगून पाह्यलं." तिने चिंचेचं बोट पदराला पुसलं. "मीट डोये."

आजवर ती मला 'तुमी' म्हणायची. मी डोळे मिटले.

"प्रभू," मी म्हटलं. मोठ्याने. पाठ नसलेला शब्द, आयुष्यात पहिल्यांदा. आणि पुढे काही नाही. पुढे शांता होती. ती हसायला लागली की तोंडावर पदर धरायची, तशी ती दिसली. मी थांबले. थांबलेच. मावशीचा दगड चिंचेवर पडत होता, मग तोही थांबला. रस्त्यावरून एसटी गेली. एक कोंबडी आत येऊन माझ्या साडीवरून चालत गेली. पाय बधिर झाले. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. घरी घड्याळ बघत बसलेला मनोहर म्हणतो, पाऊण तास.

मग समोरून आवाज आला, "आमेन."

मी डोळे उघडले. मावशी भिंतीला धरून उठत होती. तिने चुलीतली जुनी राख हाताने बाजूला केली आणि कोनाड्यातली काडेपेटी काढली.

"थकली असशीन एवढं बोलून," ती म्हणाली. "बस. चा मांडू दे."